रथसप्तमीची सूर्यपूजा घरी कशी करावी: सामानापासून राख भरेपर्यंत

रथसप्तमीच्या सकाळी साडेसातला सोलापुरात आमच्या गच्चीवर दरवर्षी तीच धावपळ दिसते. कुणाच्या गोवऱ्या नुसत्याच धुमसतायत, कुणाचं बोळकं तडकून दूध राखेत गेलंय, कुणी अजून रक्तचंदन उगाळतंय. तोवर सूर्य समोरच्या इमारतीच्या टाकीवर आलेला असतो. पूजा अवघड मुळीच नाही, सामानही फार लागत नाही. चुकतो तो क्रम. पूजेतली बाकी प्रत्येक गोष्ट पाच मिनिटं थांबू शकते, सूर्योदय थांबत नाही. म्हणून सगळी आखणी सूर्योदयापासून उलटी मोजत यायची. खालचा क्रम तसाच लावलाय.

१. दिवस, वेळ आणि दिशा आधी ठरवा

रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी. इंग्रजी तारीख दरवर्षी हलते: २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये २५ जानेवारीला. सप्तमी दोन दिवसांत विभागली असेल तर अरुणोदयाच्या वेळी ज्या दिवशी सप्तमी असते तो दिवस धरतात. अरुणोदय म्हणजे सूर्योदयाआधीच्या चार घटका, २४ मिनिटांची एक याप्रमाणे ९६ मिनिटं. पंचांगात ज्या चौकोनात 'रथसप्तमी' छापलंय तो दिवस घ्या, 'सप्तमी किती वाजेपर्यंत' या आकड्यावरून स्वतः हिशोब करत बसू नका.

वेळेत मात्र सोलापूरकर हमखास चुकतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला सूर्योदय बहुतेक वेळा मुंबईचा असतो. आपण मुंबईच्या पूर्वेला तीन अंश आहोत, त्यामुळे इथे सूर्य जानेवारी-फेब्रुवारीत साधारण १२ ते १४ मिनिटं आधी उगवतो. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सोलापुरात सूर्योदय सातच्या आसपास होतो. सप्तमी फेब्रुवारीच्या मध्याकडे गेली तर आणखी पाच-सहा मिनिटं आधी. मुंबईची वेळ धरून जिना चढलात की तुमचा सूर्य आधीच वर आलेला असतो.

दिशेचंही तसंच. या दिवसांत सूर्य अगदी नेमक्या पूर्वेला उगवत नाही, आग्नेयेकडे १५ ते २० अंश सरकून उगवतो. मोबाइलच्या होकायंत्रावर पूर्व बघून पाट मांडला आणि सूर्य शेजारच्या पाण्याच्या टाकीआडून आला, असं दरवर्षी कुणाचं तरी होतंच.

तपासणी: रथसप्तमीच्या आदल्या एक-दोन दिवशी सकाळी तिथेच उभं राहा. सूर्य कुठून येतो आणि तुमच्या जागेवर किती वाजता दिसतो ते घड्याळात बघा. समोर उंच इमारत असेल तर बिंब अर्धा-पाऊण तास उशिराही दिसेल. अशा वेळी गच्ची गाठा. तेही शक्य नसेल तर सूर्योदयाच्या वेळीच त्या दिशेला तोंड करून अर्घ्य द्या आणि बिंब दिसल्यावर नमस्कार करा.

२. सामान: संक्रांतीच्या बाजारातच घेऊन ठेवा

गोवऱ्या, बोळकी, रक्तचंदन हे सगळं संक्रांतीच्या आठवड्यात मधला मारुतीच्या बाजारात आणि कुंभार वेशीकडे सहज मिळतं. गड्ड्याची, म्हणजे सिद्धरामेश्वराच्या यात्रेची, गर्दी ओसरली की बोळकी दिसेनाशी होतात. तेव्हा एकदाच घ्या.

बोळकं घेताना तीन गोष्टी बघा. एक, ते रंगवलेलं नको. हल्ली संक्रांतीची सुगडं ऑइलपेंटने रंगवलेली, टिकल्या चिकटवलेली मिळतात. ती वाणाला ठीक, पण निखाऱ्यावर ठेवली की रंग जळतो आणि दुधाला वास धरतो. साधं, कच्च्या तांबड्या रंगाचंच बोळकं घ्या. दोन, बोटाने टिचकी मारा. टणकन वाजलं तर चांगलं, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. तीन, बूड सपाट आहे का ते जमिनीवर ठेवून बघा, हलता कामा नये. आणि नेहमी दोन घ्या.

गोवऱ्या पातळ आणि पूर्ण वाळलेल्या हव्यात. हातात घेतल्यावर हलक्या लागल्या पाहिजेत आणि मोडल्यावर आतून कोरड्या दिसल्या पाहिजेत. घरी आणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, दमट होतात. रोज थोडं ऊन दाखवा.

बाकी यादी छोटी: तांब्याचा तांब्या, ताम्हण किंवा परात, रक्तचंदनाचं खोड आणि सहाण, हळद-कुंकू, अक्षता, लाल फुलं, निरांजन, कापूर, पाट, रांगोळी, गूळ, सडलेला (कांडून टरफल काढलेला) खपली गहू, दूध. लाल फुलांत जास्वंद उत्तम. लाल कण्हेरही सूर्याला वाहतात, पण कण्हेर विषारी असते. ते फूल नैवेद्याच्या वाटीजवळसुद्धा येऊ देऊ नका आणि लहान मुलांच्या हातात देऊ नका.

सोलापुरात ग्रामदैवत सिद्धरामेश्वरामुळे बेल प्रत्येक देवघरात असतो आणि हात सवयीने तिकडेच जातो. सूर्यपूजेत बेल न वाहण्याचा संकेत बहुतेक घरांत पाळतात, आमच्याकडेही पाळतो.

३. आदली संध्याकाळ

निम्मी पूजा खरं तर इथेच होते. आधी बोळकी पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, किमान सहा-सात तास. सुरुवातीला बुडबुडे येतात, म्हणजे माती पाणी पितेय. कोरड्या बोळक्यात दूध ओतलं तर ते बुडाशी पाझरतं आणि निखारे विझतात. झोपण्याआधी बाहेर काढून पालथी घाला.

खपली गहू धुऊन भिजत घाला. तांब्या चिंच-मिठाने घासून, धुऊन, पुसून ठेवा. पुसायचा कंटाळा केलात तर सकाळी त्यावर आपल्या जड पाण्याचे पांढरे डाग दिसतील. दूध आणून ठेवा, शक्यतो फुल क्रीम.

मग रुईची पानं. माळावर, रस्त्याच्या कडेला कुठेही मिळतात. आमच्या शेजारी शहराच्या पूर्व भागातून आलेल्या एक तेलुगू आजी राहतात, त्या रुईला जिल्लेडु म्हणतात. कानडी घरांत एक्क म्हणतात. माणशी सात पानं लागतात. फाटलेली, किडलेली, धुळीने माखलेली नकोत.

इशारा: रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते आणि नजर धूसर होते. कित्येकदा दुखतही नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पानं तोडताना तोंड बाजूला ठेवा. देठ खाली धरून चीक गळू द्या, मग देठ काढून पानं वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवा आणि शेवटी हात साबणाने धुवा. तरीही डोळ्यात गेलाच तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि दुखो न दुखो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पानं सकाळी तोडू नका असं मी सांगते ते एवढ्यासाठीच. अंधारात, घाईत, ताज्या चिकाची पानं डोक्यावर घेणं हा धोका कशाला पत्करायचा?

धुतलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

४. पहाटेचं स्नान

सूर्योदय सातला धरला तर अरुणोदय साधारण ५ वाजून २४ मिनिटांनी सुरू होतो. त्यानंतर आणि उजाडण्याआधी स्नान. नेहमीसारखं अंग धुऊन घ्या, पानं शेवटच्या तांब्याला. एक डोक्यावर, दोन खांद्यांवर, दोन गुडघ्यांवर, दोन पावलांवर, अशी सात. बसूनच ठेवता येतात, उभ्याने घसरतात. डोक्यावरच्या पानात चिमूटभर अक्षता ठेवतात. तेलुगू घरांत बोरही ठेवतात. डोळे मिटून सूर्याचं स्मरण करत वरून सावकाश पाणी घ्यायचं आणि पानं आपोआप पडू द्यायची.

नेहमीची चूक म्हणजे पानं अंगावर चोळणं. ती फक्त ठेवायची असतात. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना मी रुईऐवजी बोरीची पानं ठेवते आणि तेच योग्य वाटतं. स्नान झालं की पानं उचलून बादलीत ठेवा, नाहीतर मोरीची जाळी तुंबते.

५. हुग्गी कुकरला लावा, मग पाट

हुग्गी म्हणजे खपली गव्हाची गूळ घातलेली खीर. नैवेद्याला रात्रीचं शिजवलेलं चालत नाही. म्हणून गहू रात्री फक्त भिजवायचा आणि स्नान झाल्याबरोबर कुकरला लावायचा. एक वाटी गव्हाला चार वाट्या पाणी, आठ-दहा शिट्ट्या, मग दहा मिनिटं मंद आच. दाणा बोटात दाबल्यावर पूर्ण चिरडला पाहिजे. त्यानंतरच वाटीभर गूळ घाला. गूळ आधी घातला की गहू मग कितीही शिजवा, चिवटच राहतो. वेलदोडा, सुंठ, किसलेलं सुकं खोबरं, खसखस शेवटी. दूध चुलीवर असताना मुळीच घालायचं नाही, गुळामुळे फाटतं. ते वाढताना वरून घ्यायचं.

कुकर शिट्ट्या देत असताना पाट मांडा. रक्तचंदन घट्टसर उगाळा, काडीने किंवा अनामिकेने पाटावर सूर्याचा रथ काढा. रांगोळीने काढलात तरी चालतो. इथली चूक इतकी सार्वत्रिक आहे की छापील चित्रांतही दिसते. सूर्याचा रथ एका चाकाचा असतो. दोन किंवा चार चाकं काढू नका. एक चाक, त्याला बारा आरे, पुढे सात घोडे, सारथी अरुण आणि मध्ये सूर्याचं बिंब. घोडे जमत नसतील तर सात उभ्या रेषा आणि त्यांना लगाम एवढं पुरे. शेजारच्या तेलुगू आजी पाटावर काढत नाहीत. वालाच्या शेंगांना खराट्याच्या काड्या टोचून त्या बोटभर उंचीचा रथ उभा करतात, हिरव्यागार चाकांसकट. दहा मिनिटांत होतो, मुलांना शिकवण्यासारखा आहे.

पाट असा ठेवा की पूजा करणाऱ्याचं तोंड सूर्याकडे होईल आणि सावली रथावर पडणार नाही.

६. गोवऱ्या: सूर्योदयाच्या पंचवीस मिनिटं आधी

सगळ्यात जास्त घोळ या पायरीवर होतो, कारण लोक अर्घ्य, पूजा सगळं आटोपल्यावर गोवऱ्या पेटवायला घेतात. निखारा व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तोवर घरातले लोक आत निघून जातात आणि कुणीतरी एकटं धुरात डोळे पुसत बसतं. म्हणून आधी पेटवा, तिकडे अर्घ्य-पूजा होईतो इकडे निखारा तयार होतो.

लोखंडी घमेल्यात दोन-तीन बोटं वाळू किंवा माती पसरा. घमेलं विटांवर ठेवा, थेट फरशीवर नको, उष्णतेने टाइल तडकते. गोवऱ्यांचे तळहाताएवढे तुकडे करून उभे-आडवे रचा, मध्ये हवा जायला पोकळी ठेवा. पोकळीत कापराच्या चार-पाच वड्या आणि तुपात भिजवलेली फुलवात. रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर यातलं काहीही ओतू नका. भडका उडतो आणि दुधाला वास लागतो तो वेगळाच.

इशारा: बंद गॅलरीत किंवा खोलीत गोवऱ्या पेटवू नका, धूर आणि विषारी वायू कोंडतो. उघडं अंगण किंवा गच्चीच हवी. जवळ पाण्याची बादली, पदर खोचलेला, ओढणी बांधलेली, मुलं दोन हात लांब.

आच कशी हवी? ज्वाळा बसलेली, वर करडी राख आणि फुंकर मारली की आतून लाल. त्याआधी बोळकं ठेवायचं नाही.

७. अर्घ्य

सूर्योदयाच्या दहा मिनिटं आधी सगळे गच्चीवर हवेत. तांब्यात पाणी, त्यात रक्तचंदनाचं थोडं गंध, अक्षता, एक लाल फूल. दूध तांब्याच्या भांड्यात घालू नका.

बिंबाची कड दिसली की उभं राहा. दोन्ही हातांनी तांब्या छातीच्या वर धरा, बारीक धार सोडा. धार खाली ठेवलेल्या परातीत पडली पाहिजे, पायावर किंवा जमिनीवर उडता कामा नये. तीनदा अर्घ्य द्यायचं, म्हणून पहिल्याच धारेत तांब्या रिकामा करू नका. उशीर झाला तर चौथं अर्घ्य प्रायश्चित्ताचं द्यावं अशी संध्या करणाऱ्यांत रीत आहे, तीच इथेही पाळता येते. उशीर झाला म्हणून अर्घ्यच सोडून देणं मला पटत नाही.

परात वापरायला सांगते त्याला आणखी एक कारण आहे. आपल्या गावात पाणी रोज येत नाही. परातीतलं पाणी जास्वंदीला, तुळशीला घाला. गच्चीवरून खाली सोडलेली धार दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते.

मंत्र पाठ नसला तरी अडत नाही. सूर्याची बारा नावं घ्या: मित्राय नमः, रवये नमः, सूर्याय नमः, भानवे नमः, खगाय नमः, पूष्णे नमः, हिरण्यगर्भाय नमः, मरीचये नमः, आदित्याय नमः, सवित्रे नमः, अर्काय नमः, भास्कराय नमः. 'पूष्णे'चा पू दीर्घ म्हणा. 'सवित्राय' म्हणू नका, ते 'सवित्रे' आहे.

इशारा: धारेतून सूर्य बघितला तर डोळ्यांना इजा होत नाही, हा समज चुकीचा आहे. पाण्याची धार डोळ्यांचं रक्षण करत नाही. नजर धारेवर किंवा परातीत पडलेल्या प्रतिमेजवळच्या फुलावर ठेवा, बिंबाकडे टक लावू नका. बिंब पिवळं झालं की अजिबातच नको.

सूर्यनमस्कार घालायचे असतील तर अर्घ्यानंतर लगेच, रिकाम्या पोटी, याच बारा नावांनी बारा. सूर्याला नमस्कार प्रिय असं म्हणतातच, पण गुडघा-कंबर दुखत असेल तर हात जोडून बारा नावं घेतलेलीही चालतात.

८. पाटाची पूजा

ही छोटीच. रथावर पळीभर पाणी प्रोक्षण, रक्तचंदन, हळद-कुंकू, अक्षता, फुलं, धूप, निरांजन, या क्रमाने. गहू आणि गूळ पाटाशेजारी ठेवा. दहा मिनिटांहून जास्त वेळ लावू नका, निखारे खाली बसतात.

९. दूध उतू घालणं

फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी माझं बोळकं फुटलं. बोळकं आधी निखाऱ्यावर ठेवलं, ते तापलं, आणि मग फ्रिजमधली दुधाची पिशवी कापून वरून ओतली. चर्र असा आवाज आला, बुडाला केसासारखी चीर पडली आणि बघता बघता सगळं दूध राखेत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आत जाऊन दुसरं बोळकं घेऊन आल्या. तेव्हापासून दोन आणते.

तेव्हा क्रम असा. दूध तासभर आधी फ्रिजमधून बाहेर काढा. थंड बोळक्यातच दूध भरा, गळ्याच्या बोटभर खाली येईपर्यंत. अर्धं भरलं तर फेस काठापर्यंत पोचत नाही. काठोकाठ भरलं तर उकळी येण्याआधीच सांडून निखारे विझतात. आत पाच तांदळाचे दाणे टाका. बोळक्याला बाहेरून हळद-कुंकवाची बोटं लावा. मग ते निखाऱ्यावर टेकवा, भोवती तीन तुकडे लावून आधार द्या. बोळकं सरळ बसलंय ना ते बघा. तिरकं बसलं की दूध कायम त्याच बाजूने जाणार.

पाव लिटरला पंधरा ते पंचवीस मिनिटं लागतात. हलवू नका, झाकू नका. वर जी साय धरते तिच्याखाली वाफ कोंडून फेस वर येतो, ढवळत बसलात तर ती साय मोडते. आच कमी वाटली तर पुठ्ठ्याने खालून वारा घाला, तोंडाने फुंकू नका, राख दुधात उडते. आधी कडेने बारीक बुडबुडे येतात, मग साय मध्यभागी फुगते आणि एका क्षणात पांढरा फेस काठावरून निखाऱ्यावर उतरतो. त्या वेळी सगळे जवळ हवेत. हात जोडा, सूर्याचं नाव घ्या.

दूध कुठल्या दिशेला उतू गेलं यावरून वर्षाचं भाकीत करणारे आहेत. माझ्या मते बोळक्याचा काठ कुठे खाली होता एवढंच त्यातून कळतं. भीती मनात धरू नका.

उतू गेल्यावर सांडशीने बोळकं लगेच बाजूच्या विटेवर ठेवा, ओल्या फरशीवर नको. उरलेलं दूध गाळून प्रसादाला.

१०. नैवेद्य

हुग्गी, वर दुधाची धार आणि तूप. पाण्याने चौकोनी मंडल करून त्यावर ताट ठेवा, सूर्याला दाखवा, मग तुळशीला. आरती शेवटी. संक्रांतीपासून चाललेलं हळदी-कुंकू आज संपतं, राहिलेली वाणं संध्याकाळपर्यंत द्या.

११. आवरणं

राख लगेच डब्यात भरू नका. वरून गार दिसते, आत निखारा दिवसभर जिवंत राहतो. पाणी शिंपडा, संध्याकाळी हात लावून बघा, मग कुंड्यांत थोडी थोडी घाला. रुईची पानं आणि फुलं खड्ड्यात पुरा, शेळी-गाईपुढे टाकू नका. बोळकं चांगलं राहिलं असेल तर गरम पाणी आणि नारळाच्या शेंडीने घासा, साबण नको, माती साबण पिते. पाट ओल्या फडक्याने पुसा. रक्तचंदनाचं खोड मात्र दोन दिवस सावलीत वाळवूनच कागदात गुंडाळा. ओलं ठेवलं तर पुढच्या माघात ते बुरशीने पांढरं झालेलं निघतं.